गलोल काढून घ्यायची की नाही? एका पाड्यावरच्या निसर्ग शिबिराचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, गुजरातकडे उतरत जाणाऱ्या डोंगरांत हा पाडा आहे. त्याचं नाव देत नाही, आणि माणसांचीही देणार नाही. वस्ती कोकणा आणि महादेव कोळी. शेती भात, नागली आणि वरईची. पीक घरात आलं की निम्मी कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात.

आमचा गट लहान आहे, शहरातल्या काही शिक्षकांचा आणि पक्षी बघणाऱ्यांचा. मी शाळेत विज्ञान शिकवतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ तारखेला वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ तारखेला पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचा. याच काळात आश्रमशाळेतली मुलं दिवाळीच्या सुट्टीत घरी असतात. म्हणून चार वर्षांपूर्वी पहिलं शिबिर आम्ही या आठवड्यात घेतलं: चार दिवस, शहरातली बारा मुलं आणि पाड्यावरची चौदा, वय बारा ते सोळा. एकत्र राहायचं, पहाटे रानात जायचं, संध्याकाळी नोंदी करायच्या, एवढाच बेत होता.

पाड्यावरच्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या गळ्यात गलोल होती. आम्ही ती पहिल्याच दिवशी पाहिली आणि तिच्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. आमची पहिली चूक इथे झाली. विषय काढला तर मुलं बुजतील, शिबिर नीट सुरू होऊ दे, मग बघू, असं आम्ही आपसात म्हणत राहिलो.

काय घडलं

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओढ्याकाठच्या उंबराखाली उभे होतो. झाडावर हरियाल होते. हिरव्या पानांत हिरवं पाखरू, त्यामुळे शहरातल्या मुलांना ते सापडत नव्हतं. दुर्बिणी एका हातातून दुसऱ्या हातात जात होत्या. पाड्यावरचा नववीतला एक मुलगा त्यांना समजावत होता, "त्या फांदीच्या बेचक्यात बघ, पिवळे पाय दिसतील." तरीही कोणाला दिसेना. मग त्याने गळ्यातली गलोल काढली, खिशातली मातीची वाळवलेली गोळी चामड्यात धरली आणि रबर कानापर्यंत ओढलं. काय होतंय ते मला कळेपर्यंत पाखरू खाली पडलं होतं. त्याने ते उचललं आणि शहरातल्या एका मुलीच्या हातात ठेवलं. "आता बघ जवळून," म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. पाहुण्यांना जे दिसत नव्हतं ते त्याने दाखवलं होतं. मुलगी मात्र हुंदके देऊन रडायला लागली. पाखराचे डोळे अजून मिटले नव्हते, आणि चोचीतून उंबराचा गर बाहेर आला होता. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, हे मी आदल्या संध्याकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं.

सोबत वनरक्षक होते. तेही माझ्याइतकेच गप्प झाले.

अडचण नेमकी काय होती

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकारीची व्याख्या बरीच मोठी आहे. मारणं तर आलंच, पण पकडणं, फास लावणं, हाका घालून रान उठवणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही शिकारच. म्हणजे पाड्यावरची बहुतेक मुलं, आणि त्यांचे वडील-चुलतेसुद्धा, कधी ना कधी या व्याख्येत बसतात. वनहक्क कायदा २००६ चा. त्याने आदिवासींचे जंगलावरचे पारंपरिक हक्क मान्य केले, पण त्या हक्कांतून शिकार आणि प्राणी पकडणं स्पष्ट शब्दांत वगळलं. त्याच कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. ही दुसरी बाजू पाड्यावर कोणालाच ठाऊक नव्हती. खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हती.

कायद्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. शिबिरातला सर्वांत तरबेज निरीक्षक आणि सर्वांत तरबेज नेमबाज हा एकच मुलगा होता. तो लांबून आवाजावरून पाखरू ओळखायचा, आणि ज्या वाटेवर आम्हाला नुसती माती दिसायची तिथे त्याला तीन जनावरांच्या चाली दिसायच्या. हे तो गुरं राखताना, गलोल हातात घेऊनच शिकला होता. ती काढून घेतली तर त्या शिकण्याचं पुढे काय होणार, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

कोणते पर्याय समोर होते

त्या दुपारी शाळेच्या ओसरीवर आम्ही सहा जण आणि वनरक्षक असे बसलो.

पहिला पर्याय गुन्हा नोंदवण्याचा. मुलगा अल्पवयीन, त्यामुळे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं असतं. वनरक्षकांनी स्वतःच सांगितलं, "मी वर कळवतो, पण इथून पुढे या पाड्यावर मला कोणी पाणीसुद्धा विचारणार नाही." त्यांनी घडलेला प्रकार वनपालांच्या कानावर घातला. वरून मुलाला आणि आम्हाला समज देण्यात आली. ती योग्यच होती. शिबिर आमचं होतं, जबाबदारीही आमची होती.

दुसरा पर्याय सगळ्या गलोली गोळा करण्याचा. नाशिक जिल्ह्यात पेठसारख्या भागात वन विभागाने अशी मोहीम घेतली होती, मुलांनी आपणहून गलोली आणून दिल्या होत्या आणि त्याच्या बातम्याही झाल्या होत्या. आमच्यातल्या तिघांचं मत या बाजूने होतं. माझं नव्हतं. पेरूच्या दुबेळक्याला सायकलच्या ट्यूबचं रबर आणि जुन्या चपलेचं चामडं बांधलं की संध्याकाळपर्यंत नवी गलोल तयार होते. मोहिमेत ती देताना मुलाचं मन बदललं असेल तरच ती खरी दिली, आणि ते मन आमच्या चार दिवसांच्या ओळखीत बदलण्याएवढं आम्ही काहीच केलेलं नव्हतं.

तिसरा पर्याय ऐकून सगळे चमकले. आमच्या गटातल्या एका ताईंचा भाऊ अमेरिकेत मिनेसोटाला असतो. तिथे ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्या कोणालाही शिकारीचा परवाना घेण्याआधी बंदूक सुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. त्याच्या मुलीने ते शाळेत असतानाच केलं. प्राणी कसा ओळखायचा, नेमाच्या पलीकडे काय आहे ते कसं पाहायचं, कधी गोळी झाडायची नाही, हे ती तिथे शिकली. शिवाय १९३७ च्या एका कायद्यानुसार अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. "तिकडे शिकारीतूनच संवर्धन शिकवतात, मग इकडे का नको?" असं ताईंनी अगदी मनापासून विचारलं. उत्तर सरळ होतं. तिथे परवाना, हंगाम आणि किती मारायचं याची मर्यादा आहे, आपल्याकडे शिकारच बंद आहे. त्यात आपली रानं तुकड्यातुकड्यांत उरलेली, आणि त्यांच्या अंगाला अंग लावून वस्ती. तरी त्या प्रशिक्षणाचा क्रम मला महत्त्वाचा वाटला. तिथे आधी ओळख येते, मग जबाबदारी आणि हत्यार सगळ्यात शेवटी. आमच्या मुलांच्या हातात हत्यार सहाव्या-सातव्या वर्षीच आलेलं होतं. मग बाकीचं मागून का होईना, शिकवता येईल का?

चौथा पर्याय, पाड्यावरच्या जाणत्या माणसांनाच शिकवायला पुढे करण्याचा, तिथल्याच एका आजोबांमुळे पुढे आला. दुपारभर ते कोपऱ्यात बसून ऐकत होते. तरुणपणी त्यांच्याइतका माग काढणारा पंचक्रोशीत नव्हता, असं सगळे सांगतात. ते उठता उठता म्हणाले, "गुरुजी, आमच्या पोरांना पाखरू दिसतं म्हणून मारतात. तुमच्या पोरांना तर दिसतच नाही."

हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं.

काय केलं

शिबिर बंद केलं नाही, पण पुढच्या दोन दिवसांचा बेत बदलला. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्याऐवजी आजोबा पुढे चालले. नियम एकच ठेवला. गलोली शाळेतच राहतील, आणि त्या कोणी मागून घेणार नाही, मुलांनीच खुंटीला लावायच्या.

त्या सकाळी आजोबांनी जे शिकवलं ते माझ्या पंधरा वर्षांच्या पक्षीनिरीक्षणात मला कोणी शिकवलं नव्हतं. नांगरलेल्या मातीत एक ठसा होता. ते उकिडवे बसले, काडीने ठशाच्या कडेला हलकंच टोचलं आणि मुलांना विचारलं, "कधी गेलं?" कोणी काल म्हणालं, कोणी आज. मग त्यांनी दाखवलं. आजूबाजूच्या मातीवर दव होतं. दव ठशाच्या आतही पसरलेलं असेल तर जनावर रात्रीच्या पहिल्या भागात गेलं. ठशाने दव फोडलेलं असेल तर पहाटे. कडा ढासळल्या असतील आणि आत मुंग्यांनी वाट केली असेल तर जुना. हा ठसा दव फोडून पडलेला होता. पुढे चार पावलांवर सशाची चाल होती. ससा उडी मारतो तेव्हा त्याचे मागचे पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात, त्यामुळे नवखा माणूस उलट्या दिशेला शोधत जातो. शहरातली मुलं उलटीच निघाली होती. नववीतल्या त्या मुलाने त्यांना हाताला धरून वळवलं.

आजोबांनी सशापर्यंत नेलंच. करवंदीच्या जाळीखाली तो अंग चोरून बसला होता. आजोबांनी हात वर केला, सगळे थांबले. पाचेक मिनिटं कोणी हललं नाही. मग त्यांनी हळूच सगळ्यांना मागे फिरवलं. ससा उठला नाही. परतताना ते मुलांना म्हणाले, "त्याला न उठवता परत आलात, म्हणजे खरा माग काढलात."

यावरूनच पुढच्या तीन वर्षांच्या कामाची घडी बसली. सुट्टीतल्या शिबिराशिवाय महिन्यातून एक रविवार, आजोबा आणि आणखी दोन जाणती माणसं शिकवायला. त्यांना मानधन देतो, बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याला देतो तेवढंच. मुलं ठशांचे प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे घेतात, उदमांजराच्या विष्ठेतल्या बिया धुऊन कोणत्या झाडाच्या ते ओळखतात, उंबरावर कोणकोणती पाखरं किती वेळ बसतात ते मोजतात. हरियालाच्या पोटातून उंबर आणि वडाच्या बिया कुठल्या कुठे जातात, हे मोजता मोजताच त्यांच्या लक्षात आलं.

गलोलीने बियांचे गोळे डोंगरावर मारायचा कार्यक्रमही एकदा केला. फोटो छान आले. पावसाळ्यानंतर पाहिलं तर उगवलेलं फारच थोडं होतं, आणि मुलांचा नेम मात्र पक्का झाला होता. तो कार्यक्रम आम्ही पुन्हा केला नाही.

सालिम अलींची गोष्ट

पहिल्या वर्षी मी मुलांना सालिम अलींची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलर्ड यांनी त्यांना पेंढा भरून ठेवलेले पक्षी दाखवले, आणि तिथून त्यांचं पक्ष्यांचं शिक्षण सुरू झालं. गोष्ट संपवून मी थांबलो. नववीतल्या मुलाने विचारलं, "मग त्यांनी बंदूक कधी सोडली?"

मला क्षणभर गोष्ट गोड करावीशी वाटली. पण खरं उत्तर असं की अभ्यासासाठी नमुने गोळा करताना त्यांनी पुढेही पक्षी मारले. त्या काळात पक्ष्यांचा अभ्यास तसाच होत असे. मी तसंच सांगितलं. मुलं बराच वेळ गप्प होती. मग त्यांनीच वाद घातला. आता दुर्बीण आहे, कॅमेरा आहे, आवाज टिपता येतो, मग हातात घेऊन बघायची गरज काय? सगळ्यात जास्त तावातावाने तोच मुलगा बोलत होता. मी उत्तर गोड केलं असतं तर हा वाद झालाच नसता.

नागालँडमधल्या पांगतीचं उदाहरणही आम्ही वापरलं. दोयांग धरणाच्या परिसरात २०१२ साली अमूर ससाणे जाळ्यांत हजारोंनी पकडले जात होते. पुढच्याच वर्षी तिथल्या गावांनी शिकार थांबवली, मुलांसाठी निसर्ग मंडळं सुरू झाली, आणि उपग्रह यंत्र लावून सोडलेल्या ससाण्यांना नागा, पांगती आणि वोखा अशी तिथलीच नावं दिली गेली. हे ससाणे आफ्रिकेला जाताना आपल्या सह्याद्रीवरूनही जातात. "आपल्यावरून?" म्हणून मुलं आभाळाकडे बघायला लागली, ते दृश्य मला अजून आठवतं.

दोन कठीण प्रसंग

पहिला प्रसंग फासाचा. दुसऱ्या वर्षी माग काढताना मुलांना दुचाकीच्या क्लच वायरचा फास सापडला, बांधाच्या खिंडीत, जमिनीपासून वीतभर उंच. मुलांचे चेहरे पाहूनच कळलं की तो कोणाचा आहे हे त्यांना ठाऊक आहे. वनरक्षकांनी विचारलं असतं तर एखाद्या मुलाने स्वतःच्या काकाचं नाव सांगितलं असतं, आणि त्या घरातलं पोर पुन्हा शिबिराला आलं नसतं. आम्ही तिथेच ठरवलं: फास वनरक्षकांच्या समक्ष काढायचा, जागा आणि तारीख नोंदवायची, मुलांना नाव विचारायचं नाही. तपास करणं वन विभागाचं काम आहे, मुलांचं नाही. वनरक्षकांनी ते मान्य केलं. यावर माझ्याशी वाद घालणारे मित्र आहेत. गुन्हा माहीत असून गप्प बसायला शिकवता, असं ते म्हणतात. त्यांचा आक्षेप मला खोटा वाटत नाही. तरीही चौदा वर्षांच्या मुलाला घरच्यांचा खबऱ्या करणं मला त्याहून वाईट वाटतं, आणि आजही मी तोच निर्णय घेईन.

दुसरा प्रसंग पूर्णपणे आमच्या चुकीचा. मुलांनी वर्षभराच्या नोंदींचा एक सुंदर नकाशा शाळेच्या भिंतीवर रंगवला होता. ससे कुठे बसतात, तितर कुठे रात्र काढतात, साळिंदराची बिळं कुठे, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा ठिपका. पाहुणे आले की आम्ही कौतुकाने तो दाखवायचो. शिमग्याच्या आधी, पारधीचे दिवस जवळ आले तेव्हा, सातवीतला एक मुलगा रविवारी सगळ्यांच्या मागे राहून मला म्हणाला, "सर, फास ठिपक्यांवरच लागलेत." जाऊन पाहिलं तर दोन ठिकाणी तसंच होतं. माग काढणाऱ्याचं ज्ञान आणि फास लावणाऱ्याचं ज्ञान एकच असतं, हे आजोबांना ठाऊक होतं. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मुलांनी स्वतः नकाशावर चुना फिरवला. दोघं रडत होती. आता भिंतीवर फक्त प्राण्यांची चित्रं आणि त्या महिन्यात दिसलेल्यांचा आकडा असतो. जागांची वही मुलांकडे असते, आणि ती कोणाला दाखवायची हे तीच ठरवतात.

परिणाम

पाड्यावरची पारध बंद झाली, असं मी लिहिणार नाही. शिमग्यात काही माणसं अजून रानात जातात. तिसऱ्या वर्षी ग्रामसभेने वनहक्क कायद्याच्या कलम ५ चा आधार घेऊन आपल्या वनक्षेत्रात फास आणि वाघर, म्हणजे शिकारीचं जाळं, लावायला बंदीचा ठराव केला. तो मांडण्याआधी मुलांनी आपली वही सभेत वाचून दाखवली होती, जागा वगळून. ठराव झाल्यानंतर आम्हाला फास कमी सापडले. माणसांनी फास लावणं कमी केलं की जागा बदलल्या, हे अजून दोन-तीन हंगाम पाहिल्याशिवाय मी ठामपणे सांगणार नाही.

गलोली आहेत. काही मुलांच्या गळ्यात असतात, काहींच्या घरी खुंटीला. त्या उंबराखाली मात्र कोणी गोळी मारत नाही. हे मुलांनी ठरवलं आणि पाळलं. नववीतला तो मुलगा आता अठरा वर्षांचा आहे. हंगामात द्राक्षाच्या कामाला जातो, आमच्या शिबिरात पगारी वाटाड्या म्हणून येतो, आणि वनरक्षक भरतीसाठी सकाळी पळण्याचा सराव करतो. रडलेली मुलगी पुढच्या वर्षी शिबिराला आली नाही. तिच्या पालकांशी मी दोनदा बोललो. ते जे म्हणाले ते ऐकून घेण्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज वेगळं काय करू

गलोलीबद्दल पहिल्या संध्याकाळीच बोलेन. "गळ्यात काय आहे? कोणी करून दिली? त्याने आत्तापर्यंत काय काय मारलंस?" असं शांतपणे आणि खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं असतं, तर त्या मुलाला आमच्यासमोर नेम दाखवायची गरजच पडली नसती.

वनरक्षकांना पाहुणे म्हणून न बोलावता महिनाभर आधी बेत आखायलाच बसवेन. पाड्यावरच्या पालकांना आणि शहरातल्या पालकांना एकदा तरी एकत्र बसवेन.

मुलींचा विचारही आधी करेन. मुलींच्या हातात गलोल नसते, म्हणून पहिल्या वर्षी आम्ही त्यांना नुसत्या नोंदी लिहायला बसवलं. पुढच्या पावसाळ्यात दोघी बहिणी खेकडे धरायला निघाल्या तेव्हा सहज सोबत गेलो. कोणत्या दगडाखाली हात घालायचा, मादीच्या पोटाखाली पिलं असली की ती कशी ओळखायची, तिला परत सोडून दगड पुन्हा होता तसाच का ठेवायचा, हे त्यांनी मला ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं करून शिकवलं. सरपणाला जाताना पाहिलेली होल्यांची घरटीही त्यांना पाठ होती, आणि त्या कधी कोणाला सांगत नव्हत्या. यंदाच्या शिबिराची पहिली सकाळ त्या दोघींकडे आहे. कुठे न्यायचं ते त्यांनी अजून आम्हाला सांगितलेलं नाही.